बोरसेबाई आणि सावळखेड्याची तीन घरं

बोरसेबाई आमच्या ऑफिसात आल्या त्याच्या तिसऱ्याच दिवशी त्यांनी माझा अहवाल शेवंताबाईला वाचून दाखवला, आणि मी त्यांच्यावर जो डूख धरला तो पुढे वर्षभर सोडला नाही.

शेवंताबाई म्हणजे आमच्याकडे झाडलोट करून पाणी भरणारी बाई. परभणीकडची, राहायला उधन्यात. आणि मी अकोल्याची, एम. ए. झालेली, लग्न होऊन सुरतेत आलेली, आरोग्याचे सर्वे करणाऱ्या एका संस्थेत चार वर्षं मराठी वस्त्यांचे अहवाल लिहिणारी इंगळे. माझे अहवाल चांगले असतात, असं साहेब म्हणायचे. साहेबांना मराठी वाचता येत नव्हतं, ही गोष्ट तेव्हा मला महत्त्वाची वाटली नव्हती.

बाईंनी माझं पान उचललं आणि खणखणीत आवाजात वाचलं, "सदर वस्तीत पाच वर्षांखालील बालकांमध्ये अतिसाराचे प्रमाण लक्षणीय आढळून आले असून त्याचा पेयजल साठवणुकीच्या पद्धतीशी सकृद्दर्शनी संबंध दिसतो." मग फडकं हातात धरून उभ्या असलेल्या शेवंताबाईकडे वळून विचारलं, "काय समजलं?"

शेवंताबाईचा चेहरा उतरला होता. ती म्हणाली, "सरकारी हाय काहीतरी. घरं पाडणारेत का?"

ऑफिसातले सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पान उलटं केलं आणि कोऱ्या बाजूला निळ्या पेन्सिलीनं लिहिलं: आम्ही पोरांच्या हगवणीची चौकशी केली. ज्या घरात पाण्याची घागर उघडी होती, तिथली पोरं जास्त वेळा आजारी पडली. जिथं घागर झाकलेली होती, तिथली कमी. हे वाचून दाखवल्यावर शेवंताबाई लगेच म्हणाली, "मंग झाकण ठेवाया पायजे की!"

"बघा इंगळेताई," बाई म्हणाल्या, "तुम्ही हगवणीचं लिहिलं आणि हिला नोटीस आल्यासारखं वाटलं."

त्या संध्याकाळी मी घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, आता एक नर्स मला मराठी शिकवणार. तो म्हणाला, शीक की. त्याच्याशीही मी दोन दिवस बोलले नाही.

बाई अमळनेरकडच्या. सरकारी दवाखान्यात तीस-एक वर्षं नर्स म्हणून काढलेली. नवरा लवकर गेला. मुलगा सुरतेतल्या डिंडोलीत लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, कामाला, म्हणून निवृत्त झाल्यावर त्याच्याकडे आल्या आणि आठ दिवसांत कंटाळल्या. आमच्या साहेबांना अहिराणी बोलणारं आणि घराघरांत शिरू शकणारं माणूस हवंच होतं. उंच, काळ्यासावळ्या, बारीक काठाची फिकी साडी घोट्याच्या वर नेसलेली, खांद्यावर पिनेनं टाचलेलं उलटं घड्याळ. नोकरी संपली तरी ते घड्याळ खांद्यावरच राहिलं. चालणं असं की बरोबरच्याला धावावं लागे. औषधाच्या एका जुन्या डब्यात भाजलेले शेंगदाणे असत. दुपारी मोजून मूठभर खायच्या, कोणाला कधी विचारलं नाही. चारचौघांत माणसाचा पाणउतारा करायला मागेपुढे पाहत नसत आणि कौतुक करायचं म्हटलं की त्यांची दातखीळ बसे. सून त्यांना टरकून असायची. मला त्यात नवल वाटलं नाही.

त्यांचा राग दोन गोष्टींवर. एक टक्का आणि दुसरी सरासरी. "टक्का व्याजाला लावा, माणसाला नको," म्हणायच्या. आणि मी कुठे सरासरी काढायला बसले की मागून आवाज यायचा, "सरासरीला कधी ताप येत नाही इंगळेताई. ताप माणसाला येतो." त्यांचा कायदा असा की अहवालातलं प्रत्येक वाक्य शेवंताबाईला वाचून दाखवायचं. तिनं नुसती मान डोलावून चालायचं नाही. काय समजलं ते तिनं तिच्या शब्दांत उलटं सांगायचं. सांगता आलं नाही तर वाक्य फाडायचं. दवाखान्यात त्या हेच करत आलेल्या. बाळंतिणीला गोळ्या दिल्या की तिच्याकडून वदवून घ्यायचं, कोणती सकाळी, कोणती जेवल्यावर. "मी सांगितलं म्हणजे झालं, असं समजणारी नर्स माणसं मारते," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पन्नासदा ऐकलं असेल.

त्या सुमाराला ऑफिसात कॉम्प्युटर आला. साहेब हौशी. आकडे घातले की रंगीत वर्तुळं बाहेर पडायची, उन्हात वाळत घातलेल्या रंगीत पापडांसारखी. त्यांनी ती बाईंना मोठ्या कौतुकानं दाखवली. बाईंनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "यातली आजारी पोरं कुठली?" साहेबांनी लाल फाकेवर बोट ठेवलं. "मग त्या पोरांच्या आईला हे कोण समजावणार?"

साहेब वैतागले. बाईंच्या हातातला कागद घेऊन म्हणाले, "बाई, आ रिपोर्ट नथी, आ तो वार्ता छे." हा रिपोर्ट नाही, ही तर गोष्ट झाली.

"वार्ता बधाने समजाय ने, साहेब!" बाई म्हणाल्या. गोष्ट सगळ्यांना समजते ना! सुरतेत येऊन सहा महिने झाले नव्हते, पण उत्तर द्यायला लागेल इतकी गुजराती त्यांनी बरोबर उचलली होती.

आमची सर्वेची पद्धत तोवर सरळ होती. फॉर्म घेऊन गल्लीत जायचं, प्रश्न विचारायचे, टिकमार्क करायचे, निघायचं. पुढे त्या घरांशी आमचा काडीचा संबंध नसे. डिंडोलीतल्या बायका तोंडावर विचारायच्या, "लिखी लिखी लई जातस, मांगे काय देतस?" लिहून लिहून नेता, परत काय देता? मी कानाडोळा करायची. बाईंना तो प्रश्न लागला. त्यांनी ठरवून टाकलं, जे गल्लीकडून घेतलं ते आधी गल्लीला सांगायचं, मग साहेबांना. खात्याला सुट्टी असेल त्या दिवशी, सकाळी, सार्वजनिक नळापाशी. बाई नळाच्या ओट्यावर उभ्या राहायच्या आणि अहिराणीत सांगायच्या. कागद हातात असायचा पण त्याच्याकडे बघायच्या नाहीत.

हगवणीचं सांगितलं त्याच्या आठवड्यात गल्लीतल्या घागरींवर ताटल्या आल्या. मला ते कमीच वाटलं. पण महिन्याभरानं त्याच बायका दहा-बारा जणी मिळून महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात गेल्या आणि तिथल्या माणसापुढे उभं राहून त्यांनी बाईंची वाक्यं जशीच्या तशी म्हणून दाखवली. गटारातून जाणारी पाण्याची लाइन कुठे फुटली आहे, तिच्या पुढच्या कोणत्या घरांतली पोरं आजारी पडतात आणि अलीकडच्या घरांतली का पडत नाहीत. लाइन बदलली गेली. माझ्या चार वर्षांच्या अहवालांनी एक वायसर बदललं नव्हतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा बाईंच्या टेबलाशी जाऊन बसले आणि म्हटलं, मलाही शिकवा. त्यांनी शेंगदाण्यांचा डबा माझ्यापुढे सरकवला. आमच्यातलं भांडण तिथे मिटलं.

हे सगळं सांगितलं ते अशासाठी की पुढचं जे घडलं ते अडाणीपणातून किंवा बेपर्वाईतून घडलं, असं कोणाला वाटू नये. त्यांच्याइतका विचार करून बोलणारी बाई मी पाहिली नाही.

प्लेगच्या साली हे शहर कसं पळालं ते आम्ही पाहिलं होतं. माणसं मिळेल त्या गाडीला लटकून गावी गेली होती. त्यानंतर शहर झाडूनपुसून चकचकीत झालं, लोक कौतुक करायला लागले. पण एक गोष्ट कोणी पुसू शकलं नाही. सुरतेत माणूस खोकला की शेजारचा सरकून बसायचा. त्यानंतर दोन वर्षांनी आमच्या संस्थेला खोकल्याचा सर्वे मिळाला. म्हणजे टीबीचा. लूमच्या खात्यांत धुळीत बारा-बारा तास उभं राहणाऱ्या माणसांत किती जण जुनाट खोकल्यानं आजारी आहेत ते बघायचं होतं. माणसं खोकला लपवायची. बाईंनी घराघरांत बसून, मी कोणाचं नाव सांगणार नाही असा शब्द देऊन देऊन ते काढून घेतलं. शब्द त्यांनी पाळलाही. फॉर्मवरची नावं त्यांनी माझ्यासमोर काळ्या शाईनं खोडली.

प्रश्न आला, सांगायचं कसं. साहेब म्हणाले वयोगट करा आणि टक्के काढा. बाईंनी ते कानाआड केलं. "इथली माणसं वयोगटात राहत नाहीत," त्या मला म्हणाल्या. "ती गावात राहतात."

खरंच होतं ते. डिंडोलीत खानदेशातलं गावच्या गाव उठून आलेलं असे. एकानं दुसऱ्याला खात्यात चिकटवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला खोली बघून दिली. तिथे नवा माणूस दिसला की आडनाव कोणी विचारत नाही. "कोनतं गाव?" हाच पहिला प्रश्न. मयताला खांदा गावचे देतात, मुलीचं लग्न गावचे जमवतात. तर बाईंनी आजारी माणसं गावावार मांडली. आपल्या गावातली इतकी माणसं खोकतात म्हटलं की माणूस ऐकतो, आपल्या गावच्या माणसाला दवाखान्यात घेऊनही जातो. मला ती कल्पना फार आवडली. मीच तक्ता लिहिला. वर मोठी गावं, चाळीस-चाळीस घरांची. खाली लहान. सगळ्यात शेवटी सावळखेडे, घरं तीन, आजारी एक.

तीन हा आकडा मी माझ्या हातानं लिहिला. सुबक, थोडा तिरका. मला काही खटकलं नाही. नावं खोडलेली होती ना!

शेवंताबाईची परीक्षाही झाली. तिनं सगळं उलटं सांगितलं, एक शब्द चुकली नाही. पण शेवंताबाई परभणीची, उधन्यात राहणारी. सावळखेडे काय आणि आणखी कोणतं खेडे काय, तिला सारखंच. डिंडोलीतल्या एखाद्या बाईला आम्ही तो कागद आधी वाचून दाखवला असता तर तिनं जीभच चावली असती. ते आम्हाला सुचलं नाही. दोन शहाण्या बायका आणि दोघींच्या डोक्यात एवढं आलं नाही.

नळापाशी त्या दिवशी गर्दी चांगली होती. बाई ओट्यावर चढल्या. एकेका गावाचं सांगत गेल्या. त्या त्या गावची माणसं मान डोलवत होती, एकमेकांना कोपरानं ढोसत होती. मी बाजूला तक्ता धरून उभी. शेवटचं गाव आलं. बाई म्हणाल्या, "सावळखेडानं तीन घरं शेत. त्यामा एक माणूस गंज महिनापाईन खोकली राहिना. थुकीमा रगत येस." सावळखेड्याची तीन घरं, त्यात एक माणूस कित्येक महिन्यांपासून खोकतोय, थुंकीत रक्त येतं.

आणि सगळी गल्ली वळली. एकदम. डावीकडे, तिसऱ्या खोलीच्या दाराशी हिरामण उभा होता. सावळखेड्याचा. तीन घरांपैकी एक त्याचं, एक त्याच्या धाकट्या भावाचं, निंबाचं, आणि एक म्हाताऱ्या चुलतीचं. निंबा पैलवानासारखा धडधाकट आणि चुलती तर बाईमाणूस. राहिलं कोण? हिरामणची बायको सुमनबाई नळाच्या रांगेत घागर घेऊन उभी होती. तिच्या पुढची आणि मागची बाई एकेक पाऊल सरकली. मी ते पाहिलं. त्या वेळी हिरामणनं खोकला दाबून धरला होता, त्याची मान फुगली होती.

बाईंच्या लक्षात आलं. पण तेव्हा गप्प बसायचं सोडून त्या सावरायला म्हणून पुढचं बोलल्या. हा रोग औषधानं बरा होतो, त्या माणसाला कोणी दूर करू नका. "त्या माणसाला" म्हटल्यावर ज्या दोन-चार जणांना उमगलं नव्हतं त्यांनाही उमगलं.

पुढचे दहा दिवस मला लिहायलाही नको वाटतात. नळावर सुमनबाईचा नंबर रोज शेवटचा झाला. कोणी तिला शेवटी ढकललं नाही, सगळ्या जणी फक्त तिच्या घागरीला आपली घागर लागू नये म्हणून थांबायच्या आणि ती आपणहून मागे जायची. खोलीच्या मालकानं घराची दुरुस्ती काढली. खात्याच्या शेठनं हिरामणला बोलावून प्रेमानं सांगितलं, "गामे जई आव, भाई. सारो थईने आवजे." जा गावी जाऊन ये, बरा होऊन ये. शिवी दिली असती तर हिरामण भांडला असता. बाई रोज त्यांच्याकडे जात होत्या. हिरामणची थुंकी त्यांनीच तपासून आणली होती, रोग पक्का झाला होता, सोमवारी औषध सुरू व्हायचं होतं. सोमवारी बाई गेल्या तर दाराला कुलूप. भुसावळ पॅसेंजरनं सगळे गावी गेले, असं शेजारणीनं दाराआडून सांगितलं.

ऑफिसात साहेबांनी मीटिंग घेतली. म्हणाले, म्हणूनच मी सांगत होतो, टक्के काढा. टक्क्यात कोणाचं तोंड दिसत नाही. आणि साहेब बरोबर होते. याचा मला आजही संताप येतो. कारण त्यांना टक्के हवे होते ते कोणाचं तोंड झाकायला नव्हे. आपल्याकडे कोणी बघू नये म्हणून हवे होते. पण चूक आमची होती, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं. त्या दिवसापासून वस्तीत काही वाचून दाखवायचं नाही, असा हुकूम झाला. पुढचे सगळे अहवाल इंग्रजीत होऊन लोखंडी कपाटात गेले. त्यांनी कोणाचं वाईट केलं नाही. चांगलंही केलं नाही.

मीटिंग संपताच बाई उठल्या. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "त्याचं औषध चालू व्हायला पाहिजे. बाकीचं मग बघू." दवाखान्यात हातापाया पडून त्यांनी महिन्याच्या गोळ्या मिळवल्या. त्यांचा जुना दवाखाना सावळखेड्यापासून फार लांब नव्हता, तिथल्या कंपाउंडरला निरोप धाडला की पुढच्या महिन्यापासून गोळ्या तिथून मिळाल्या पाहिजेत. आणि रजा टाकून निघाल्या. मी बरोबर गेले. तक्ता माझ्या अक्षरातला होता.

गाडीत बाई बारडोलीपर्यंत पिशवी मांडीवर धरून बसल्या होत्या. मग गोळ्यांचं पाकीट उघडून मला समजावायला लागल्या, जणू मीच हिरामणची बायको. कोणती गोळी उपाशीपोटी, कोणत्या जेवल्यावर, किती महिने. बरं वाटलं तरी थांबवायचं नाही. लाल गोळीनं लघवी लाल होते, ते रक्त नसतं, घाबरायचं नाही. मी उलटं सांगितलं. त्यांनी मान हलवली.

अमळनेरहून एसटीनं सावळखेड्याला पोचलो तेव्हा दुपार होती. सुमनबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. आम्हाला बघून उठली आणि तिनं आधी डावीउजवीकडे बघितलं. जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाली, "बाई, तुम्हनं बोलनं भलतं चांगलं शे. आखी गल्लीले समजनं. आठे कोनलेच माहीत नही. आते आठे नका समजाडा."

तुमचं बोलणं फार चांगलं, सगळ्या गल्लीला समजलं, इथं कोणाला माहीत नाही, आता इथं समजावू नका. त्यात टोमणा नव्हता. ती हात जोडून सांगत होती. बाईंचा चेहरा त्या वेळी मी पाहिला. तसा कोणाचा चेहरा पुन्हा पाहायला लागू नये.

तेवढ्यात शेजारचा म्हातारा काठी टेकत आलाच. "कोन शेत ह्या बाया?" खेड्यात शहरी बायका आल्या की दोन मिनिटांत अंगण भरतं. आणखी दोघी-तिघी कुंपणाशी उभ्या राहिल्या. बाई म्हणाल्या, "आम्ही... रेशनकार्डाचं बघायला आलो. सुरतेचं कार्ड इकडे फिरवायचं असतं." आयुष्यभर सरळ बोललेल्या त्या बाईला खोटं बोलता येत नव्हतं. शब्द अडखळत होते, कान लाल झाले होते. म्हाताऱ्यानं विचारलं, कार्ड तर तालुक्याला फिरवतात ना? मी मध्ये पडले, काहीबाही सांगून त्याला कटवायला बघत होते, तेवढ्यात बाई सुमनबाईला घेऊन घरात गेल्या. कार्डाचे कागद म्हणून गोळ्यांचं पाकीट दिलं आणि कुजबुजत सांगायला लागल्या. पण म्हातारा माझ्या बोलण्यानं गुंतणारा नव्हता. तो दारात जाऊन उभा राहिला. घरात आतल्या खाटेवर पांघरूण घेऊन हिरामण पडला होता. त्यानं आमच्याकडे पाहिलं नाही. बाईंनी बोलणं तोडलं. "मग कागद सांभाळून ठेव," एवढं मोठ्यानं म्हणाल्या आणि बाहेर आल्या.

एसटीत बसल्यावर त्या एकदम ताठ झाल्या. "लघवीचं सांगायचं राहिलं."

मी म्हटलं, उतरू, परत जाऊ. त्या म्हणाल्या, "परत गेलो तर अख्खं गाव विचारेल, हे कसलं कार्ड? पुन्हा तेच करू का मी?" गाडी सुटली.

सुरतेला पोचल्यावर त्यांनी पत्र लिहायला घेतलं. सुमनबाईला वाचता येत नाही. पत्र पोस्टमन वाचून दाखवणार, नाहीतर शाळेतला मास्तर, आणि अंगणातली चार माणसं ऐकणार. गोळी, लघवी, खोकला, यातला एक शब्द लिहायची सोय नव्हती. बाईंनी माझ्यासमोर पाच-सहा कागद फाडले. शेवटी लिहिलं: दिलेल्या कागदांबाबत लाल रंग दिसल्यास काळजी करू नये, काम सुरू ठेवावे. माझ्या जुन्या अहवालातलं शोभलं असतं असं वाक्य. बाईंनी ते दोनदा वाचलं. शेवंताबाई बाजूलाच कपबशा विसळत होती. तिला वाचून दाखवायचं त्यांनी टाळलं. पाकीट चिकटवलं आणि स्वतः जाऊन पेटीत टाकून आल्या.

पुढे चार महिन्यांनी निंबा एकटा डिंडोलीला परत आला. बाईंना कळलं तेव्हा आम्ही दोघी दुसऱ्याच कामासाठी त्या गल्लीत होतो. तो नळाशी पाय धूत होता. मुंडण केलेल्या डोक्यावर केस नुकते वाढायला लागलेले होते, त्यामुळे विचारायची गरज नव्हती. तरी बाईंनी विचारलं, "गोळ्या घेतल्या नव्हत्या त्यानं?"

"लिध्यात ना बाई. पंधरा-सोळा दिन लिध्यात," निंबा म्हणाला. "मंग लघवीमा रगत जावाले लागनं. लालभडक. वहिनी घाबरी गयी. आमले वाटनं, गोळीच त्याले खाई राहिनी. बंद करी टाक्यात."

"पत्र आलं होतं ना?"

"उनं व्हतं. मास्तरनी वाचं. कार्डनं काहीतरी व्हतं."

निंबानं पाय पुसले, चपला घातल्या आणि खात्यावर गेला. त्याच्या मनात बाईंबद्दल राग नव्हता. जाताना त्यानं त्यांना नमस्कार केला.

मी बाईंना म्हटलं, चला. त्या नळाच्या ओट्यावर बसल्या होत्या. चला म्हटलं तरी उठल्या नाहीत. पाण्याची वेळ झाली होती, बायका घागरी घेऊन यायला लागल्या. पहिली बाई घागर लावायला वाकली तशा बाई तिला म्हणाल्या, "टीबीनी लाल गोळी लिधी ना, का लघवी लाल व्हस. ते रगत नही ऱ्हास. गोळी बंद नही करानी." त्या बाईनं मान डोलावली आणि घागर भरून गेली. दुसरी आली. तिलाही तेच, त्याच शब्दांत. मग तिसरीला. आवाज तसाच खणखणीत, शब्द सुटे सुटे. मी थोडा वेळ उभी राहिले, मग मला ते बघवेना. मी बसस्टॉपकडे निघाले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलानं ऑफिसात राजीनामा आणून दिला आणि महिनाभरात बाई अमळनेरला निघून गेल्या. मला न भेटता.

त्या दिवशी बसस्टॉपकडे जाताना वळणावरून मी एकदा मागे पाहिलं. रांग लांब झाली होती. बाई एकेकीला सांगत होत्या. बायका मान डोलवत होत्या, घागर उचलून चालू लागत होत्या. त्यांच्यापैकी कोणाच्याही घरात तेव्हा ती गोळी नव्हती.